मधूचं क्रियापद

मनुरेवा
ऑकलंड, १७ फेब्रुवारी २०२५

चि. नीता,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवरच लिहिलं असतं, पण मोरेश्वरने माझा फोन 'सोयीसाठी' त्याच्या टॅबला जोडून दिलाय. मी कुणाला काय लिहिते ते सगळं त्याच्या जेवणाच्या टेबलावर उमटतं. परवा डॉक्टरांना पोट साफ होत नाही म्हणून लिहिलं, तर रात्री ताटात न बोलता पपई वाढली गेली. मुलगा गुणाचा आहे गं, पण आईला कुंडीतल्या रोपासारखं सांभाळतो. ऊन नको, वारा नको, सरकवायचं नाही. म्हणून पोस्ट. इथला पोस्टमन आता आठवड्यातून दोनतीनदाच उगवतो, पण निदान पत्र फोडून वाचत नाही.

काम असं. एप्रिलच्या सुरुवातीला चार दिवस मी तुझ्या क्वीन्सटाउनला येईन म्हणते. बरोबर मधू. पापाटोएटोच्या हॉलमध्ये दर मंगळवारी आमचा पत्त्यांचा अड्डा असतो हे तुला माहीत आहे. मेंढीकोटात दीड वर्ष माझ्या समोर मधू. भिडू म्हणजे असा की मी नुसती भुवई हलवली तरी समोरून हुकूम पडतो. आमच्या टेबलावर जी नाही, राव नाही, ताई नाही. दश्शी पकडायच्या घाईत मान द्यायला वेळ कुणाला? मी नुसती शकू, आणि मधू नुसतं मधू.

मधूचं घर पुकेकोहेला. मागे तांबड्या मातीचा तुकडा, त्यात कांदे आणि मेथी. घरात माणूस एकच. जानेवारीत पत्ते पिसता पिसता मधूने विचारलं, "शकू, माझ्याकडे राहायला ये ना." मी उतारी चुकले, आयुष्यात पहिल्यांदा. उत्तर अजून दिलेलं नाही. चार दिवस एकत्र राहून बघायचं आणि परतताना हो की नाही ते सांगायचं, असं ठरलंय. मोरेश्वरला एवढंच माहीत आहे की मी भाचीकडे जातेय, बरोबर अड्ड्यातलं कुणीतरी आहे.

तू हॉटेलात वीस वर्षं काढलीस, तेव्हा बेत तू आख. धावपळ नको, पण लोळणंही नको. थाट हवा. पुढे झेंडा धरलेली मुलगी आणि मागे तीस म्हातारे असला प्रकार बिलकुल नको. आणि एक अट. कॅसिनो पाहिजे. हसू नकोस.

तुझी
शकुमावशी


क्वीन्सटाउन
२६ फेब्रुवारी

प्रिय शकुमावशी,

हसले नाही. खरं म्हणजे रिसेप्शनवर उभी राहून इतकी हसले की चेक-इन करणाऱ्या जर्मन जोडप्याला वाटलं, त्यांच्या पासपोर्टच्या फोटोला हसतेय.

मला तुझी कल्पना फार आवडली. दोन बायकांनी म्हातारपणी एकत्र राहायचं ठरवलं तर त्यात मोरूदादापासून लपवायचं काय? उलट त्याने हारतुरे आणायला हवेत. पण ते तुझं तू बघ. मी बेत आखलाय.

बुधवारी दुपारी पोचाल, चहा, तासभर पडणं, मग तळ्याकाठी सपाट रस्त्यावर फिरणं. गुरुवारी सकाळी ॲरोटाउन. तिथली झाडं तेव्हा पिवळीधमक असतात, आणि दर पन्नास पावलांवर बाक आहे, मी मोजून आलेय. चार ते पावणेपाच कॅसिनो. बेताच्या कागदावर मी त्याला 'सांस्कृतिक भेट' म्हटलंय. लिंबूपाणी घेऊन एक फेरी मारायची, झगमगाट बघायचा, बाहेर. शुक्रवारी कोळशावर चालणारी जुनी बोट, संध्याकाळी तुम्हा दोघींना लव्हेंडरच्या तेलाने पायांची मालिश, माझ्याकडून भेट. शनिवारी गोंडोलाच्या काचेच्या पाळण्यातून डोंगरावर, आणि दुपारचं विमान.

आमच्याच हॉटेलात तळ्याच्या बाजूची एक खोली धरून ठेवलीय, दोन पलंगांची. दोन वेगळ्या खोल्या केल्या तर तुम्ही मैत्रिणी गप्पा कुठे मारणार?

ईशा परवा तुला हॉलवरून घ्यायला आली होती ना? रात्री मला फोनवर सांगत होती, "मम्मा, मधू पण आला होता. मधू सो फनी आहे." मी म्हटलं, अगं, आली होती! तर म्हणे, "व्हॉटेव्हर. आली होता." एकोणीस वर्षांची घोडी झाली, तिकडे ऑकलंडच्या युनिव्हर्सिटीत शिकते, आणि अजून खुर्ची 'तो' आणि पंखा 'ती'. माझंच चुकलं. लहानपणी तिच्याशी मराठी बोलायला माणसं कमी पडली.

तुझी
नीता


मनुरेवा
६ मार्च

चि. नीता,

बेत मिळाला. मधूला वाचून दाखवला. बाक मोजलेस हे मधूला फार आवडलं.

दुरुस्त्या. एक, ती मालिश काढून टाक. लव्हेंडर लावून घ्यायला मधूची तयारी असेल असं वाटत नाही. मधूचे पाय म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. बारा महिने तेरा काळ जँडल, त्या रबरी सपाता. त्या पायांना दुसरं काही सोसतच नाही.

दोन, कॅसिनोला पाऊण तास कसा पुरेल? लिंबूपाणी पिऊन फेरी मारायला मी काय म्युझियममध्ये येतेय? मला खेळायचंय, आणि मधूला खेळताना बघायचंय. खरं सांगायचं तर हरताना बघायचंय. तुझे काका आठवतात ना? देवमाणूस, पण अंगावर कोट चढला की संपलं. एकदा गणपतीत आमच्यावर कोट लागला तो पहिल्या दिवशी, आणि घरातला अबोला सुटला तो विसर्जनाला. चाळीस वर्षं मी असे अबोले काढले. आता पुन्हा कुणाच्या छपराखाली जायचं तर माणूस हरल्यावर कसा दिसतो ते आधी बघून घेईन. अड्ड्यावर आम्ही एकाच बाजूचे, आणि मधूच्या हाताला यश इतकं की ती वेळच येत नाही. कॅसिनोत म्हणे सगळेच हरतात. मग झालं तर.

खोलीचं तू केलंस तसंच असू दे.

आणि ईशाला ऊठसूट सुधारत जाऊ नकोस. मी तेहतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, मी सांगते, त्या पोरीचं तुला वाटतं तितकं चुकत नाही.

तुझी
शकुमावशी


क्वीन्सटाउन
१४ मार्च

प्रिय शकुमावशी,

कॅसिनो दीड तास केला. याच्या पुढे मी जाणार नाही. तुम्हा दोघींना चाळीस-चाळीस डॉलर, ते संपले की उठायचं, शपथ घे.

मालिश काढली. बदली म्हणून मी दोन शाली घेतल्यात, इथल्या मेंढीच्या लोकरीच्या. तुला जांभळी, मधूमावशींना गुलाबी, काठाला बारीक फुलं. एप्रिलमध्ये इथे वारा बोचतो, आणि मधूमावशी जँडल घालून येणार म्हणजे वरून तरी उबदार हवं. तिकिटं ईशाने काढली ते बरं झालं. ती आजकाल तुझी सेक्रेटरीच झालीय.

तुमच्यासाठी माझ्या घरी एक कपाट रिकामं करत होते, संध्याकाळी येऊन बसलात तर कोट टांगायला. खाली चारुदत्तचे बूट निघाले. सहा वर्षं झाली तो जाऊन, म्हणजे मी त्याला जा म्हणून, आणि बूट तसेच खोक्यात. त्याच खोक्यात तुझं तेव्हाचं पत्रही आहे. असो. खोकं परत ठेवलं. कोट दाराच्या खुंटीला टांगू.

बुधवारी विमानतळावर येते. मधूमावशींना माझा नमस्कार.

नीता


क्वीन्सटाउन, हॉटेल रिसेप्शन
बुधवार, २ एप्रिल

शकुमावशी,

हे पत्र तुझ्या खोलीच्या किल्लीबरोबर ठेवतेय, कारण समोर आले तर मी ओरडेन आणि मला गणवेशात ओरडायला मनाई आहे.

मी दोन शाली घेऊन उभी होते. तू आलीस, तुला जांभळी घातली. मागून सहा फुटी, पांढऱ्या मिशांचे, जँडल घातलेले एक गृहस्थ आले, आणि हात आधीच पुढे गेलेले असल्यामुळे मी गुलाबी शाल त्यांच्या गळ्यात घातली. ते म्हणाले, "किया ओरा, नीता. मी मधू. रंग खुलतो ना मला?" आणि तू तेव्हा सामानाच्या पट्ट्याकडे असं काही बघत होतीस, जसं काही बॅग म्हणजे तुझं हरवलेलं मूल.

दुपारी घरी जाऊन तुझी पत्रं पुन्हा वाचली. एकाही वाक्यात तुझा मधू 'आला' नाही आणि 'आली' नाही. 'म्हणतो' नाही, 'म्हणते' नाही. 'मधूने विचारलं', 'मधूला आवडलं', 'मधूची तयारी'. काय कारागिरी आहे! आणि मी माझ्या पोरीला चूक ठरवत बसले. या सगळ्यात बरोबर मराठी एकटी तीच बोलत होती.

राग मधुकररावांचा नाही. ते मला आवडले, त्याचाच राग येतोय. राग याचा आहे की मी चारुदत्तला सोडलं तेव्हा तू मला अकरा पानी पत्र लिहिलं होतंस, आणि त्यात एक वाक्य होतं: 'संसार म्हणजे काही पत्ते नव्हेत, वाईट आले म्हणून टाकून द्यायला.' ते वाक्य मी सहा वर्षं बुटांच्या खोक्यात ठेवलंय. आणि आता तू माझ्याच हॉटेलात, माझ्याच हातून बेत आखून घेऊन, संसार करून बघायला आलीस. तोही पत्ते घेऊन.

दुसरी खोली नाही, मी विचारलं. सगळं भरलंय. तुमचा बेत तुम्ही पार पाडा. मला शनिवारपर्यंत ड्युटी आहे.

नीता


खोली क्र. ३१२
गुरुवार सकाळ

चि. नीता,

हॉटेलचा कागद फारच गुळगुळीत आहे, अक्षर घसरतंय. माझंच असेल.

खोटं मी एकही वाक्य लिहिलेलं नाही. पण कर्मणी प्रयोगात लपायला फार जागा असते, हे मला तेहतीस वर्षं मुलांना शिकवताना कळलं नव्हतं, ते आता कळलं. तुझ्याशी लपंडाव करायचा नव्हता. आपण मोरेश्वरला चुकवतोय असं मी स्वतःला सांगत होते. पण पत्र तर तुला जात होतं. खरं हे की 'मधू म्हणाला' असं एकदा कागदावर उतरलं की ते खरं होईल, याची भीती वाटली. वय एकोणसत्तर आणि भीती कसली, तर एका क्रियापदाची.

खोलीत दोन पलंग आहेत, मधे टेबल आहे, टेबलावर पत्ते आहेत. मधू घोरतो. एवढंच.

माझ्या त्या जुन्या वाक्याचं उत्तर शोधते आहे.

चार वाजता कॅसिनो. तिथल्या दारावर पाटी आहे, जँडल चालणार नाहीत. मधूकडे दुसरं काही नाही, आणि दुकानातल्या बुटांची किंमत बघून तो म्हणाला, एवढ्यात पुकेकोहेत अख्खा वाफा लावून होतो. चारुदत्तचे ते बूट नऊ नंबरचे असतील तर संध्याकाळपुरते पाठवशील का? नाही पाठवलेस तरी समजेन.

मावशी


मनुरेवा
११ एप्रिल

चि. नीता,

बूट साडेतीनला रिसेप्शनवर होते. पॉलिश केलेले. चिठ्ठी नव्हती. सहा वर्षं खोक्यात पडलेल्या बुटांना अशी चकाकी कुठून येते ते मला कळतं, तेव्हा गप्प बसते.

शनिवारी तू निरोप द्यायला आलीस, पण विमानतळावर नुसता हात हलवलास, आणि मीही नुसता हलवला. तेव्हा काय झालं ते आता ऐक.

कॅसिनो मला वाटला होता त्याहून शांत निघाला. गालिच्यात पाय रुततात, घड्याळ कुठेही नाही, आणि दुपारी चारला लोक असे बसलेले जसे काही दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. आम्ही एकवीसच्या खेळाला बसलो. मधू हरायला लागला. मी चष्मा पुसून बघत होते. पहिला डाव गेला, त्याने पत्ते वाटणाऱ्या मुलीला थँक्यू म्हटलं. दुसरा गेला, तिला विचारलं, तू कुठली, जेवलीस का? वीस मिनिटांत त्याचे चाळीस संपले आणि तो त्या बुटांकडे बघत म्हणाला, "चला, पाय तर गरम राहिले."

परीक्षा संपली होती. पैकीच्या पैकी. मग मी खेळायला घेतलं.

बदामची दश्शी आणि किल्वरची छक्की. सोळा. मधू हळूच म्हणाला, "थांब शकू." मी पान मागितलं. चौकटचा राजा. पुढचा डाव तसाच, आणि त्याच्या पुढचाही. बारा मिनिटांत मी मोकळी झाले. मग मी त्या मुलीला स्वच्छ मराठीत सांगितलं की तू पत्ते नीट पिसले नाहीस. त्या बिचारीला एक अक्षर कळलं नाही, म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे सगळं छान. मग मी मधूला सांगितलं की तू मधे बोललास म्हणून माझा हात गेला. तिथून उठले आणि बोलणं बंद केलं.

गुरुवारची संध्याकाळ. अख्खा शुक्रवार. तू इतक्या प्रेमाने आखलेल्या त्या बोटीवर मी रेलिंगला टेकून तळ्याशी भांडत होते. मधूने काही मनधरणी केली नाही, पण तो रुसलाही नाही. चहा आणायचा, माझ्याजवळ ठेवायचा, दोन खुर्च्या सोडून पेपर वाचत बसायचा. ऑकलंडात सव्वीस वर्षं त्याने बस चालवली. मला नंतर म्हणाला, "मागे बसलेले चाळीस जण कधी माझ्याशी बोलले नाहीत. मी मनाला लावून घेतलं असतं तर बस हलली नसती."

शनिवारी गोंडोलात आम्ही दोघंच होतो. खाली तळं, समोर डोंगर. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "शकू, तुझा अबोला साधारण किती दिवसांचा असतो? म्हणजे मला तसं दूध आणायला बरं."

माझ्या तोंडून गेलं, "तीन दिवसांचा."

आणि नीता, त्या काचेच्या डब्यात मला तुझे काका दिसले. गणपतीचे दिवस, हातात आरतीचं ताट, आणि दाराशी उभे राहून विचारतायत, "शकू, नैवेद्याला काय करायचं?" मी उत्तर देत नाहीये. बोलत मी नव्हते. चाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की ते हरले की अबोला धरतात. ते हरले की पान खायला जायचे आणि येताना मला पण आणायचे. बोलत मी नव्हते गं. माणूस गेला, आणि त्याच्या नावावर माझा अबोला लिहून मी मोकळी झाले.

उतरल्यावर मी बराच वेळ बाकावर बसले होते. तो बाक तू मोजला नव्हतास.

तर आता माझ्या त्या पत्त्यांच्या वाक्याचं. ते मी परत घेते. तुला वाईट पत्ते आले, तू ते खाली ठेवलेस आणि उठलीस, कुणाच्या अंगावर भिरकावले नाहीस. मी माझे हातात घट्ट धरून बसले आणि रोज आदळले. उपदेश करायचा हक्क माझा नव्हताच. ते अकरा पानी पत्र फाड, किंवा बूट पुसायला वापर.

मधूला विमानातच हो म्हटलं. तो झोपला होता. ऑकलंडला उतरल्यावर पुन्हा म्हणावं लागलं.

राहिला मोरेश्वर. बूट परत कसे पाठवू?

तुझी
शकुमावशी


क्वीन्सटाउन
२२ एप्रिल

प्रिय शकुमावशी,

बूट पाठवू नकोस. सहा वर्षं मला वाटत होतं की ते फेकले म्हणजे मी हरले. दुसऱ्याच्या पायात गेल्यावर ते नुसते बूट झाले.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा रागावून आणि एकदा तशीच. अकरा पानं फाडली नाहीत, फक्त त्या ओळीवर तुझ्यासारखी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'पुन्हा लिहा'. ते तू लिहिलंस.

काका पान आणायचे हे मला माहीत होतं. लहानपणी त्यातला गुलकंद मला मिळायचा. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू इतक्या ठामपणे सांगायचीस की मला वाटायचं, माझंच काही चुकतंय. आपल्या घरात ठाम बायकांनी बरोबर बोलणाऱ्या मुलींना फार सुधारलंय, बघ.

मी ईशाची माफी मागितली. ती म्हणाली, "ऑल गुड मम्मा. मला वाटलं, मधू मराठीत गर्ल वर्ड आहे, लाइक खुर्ची."

मोरूदादाला लवकर सांग. आणि कर्तरी प्रयोगात सांग.

तुझी
नीता


मनुरेवा
४ मे

चि. नीता,

सांगितलं. म्हणजे सांगायचं ठरवत होते, आणि सांगितलं गेलं.

आज रविवार, ईशा जेवायला होती. मी वरणाला फोडणी देत मनातल्या मनात प्रस्तावना रचत होते, तेवढ्यात ती पापड मोडत म्हणाली, "मोरूमामा, शकुआजी पुकेकोहेला शिफ्ट झाली की मी वीकेंडला तिकडे जाणार. मधूने मला कांदे लावायला शिकवणार आहे. तो म्हणाला..."

मोरेश्वर हसला. मायेने, जसं आपण सगळे हसायचो तसं. म्हणाला, "ईशा, तो नाही बेटा. ती. ती म्हणाली."

ईशाने माझ्याकडे बघितलं. त्या पोरीला जन्मभर आपण सगळ्यांनी असंच थांबवलंय, आणि ती दर वेळी 'व्हॉटेव्हर' म्हणून सोडून देत आलीय. आजही देणार होती. माझ्यासाठी तिने तेही केलं असतं.

मी गॅस बंद केला. म्हटलं, "मोरू, ईशाचं बरोबर आहे. तो. तो म्हणाला."

मोरेश्वरचा हात पापडावर थांबला. मग म्हणाला, "किती दिवस?" मी म्हटलं, दीड वर्ष भिडू, एक महिना हो. तो उठून बाहेर गेला, कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला लावून आला. उद्याचा वार कचऱ्याचा नाही. परत येऊन बसला आणि वरणभात कालवत म्हणाला, "मला आधी सांगितलं असतंस तर?" मी म्हटलं, "तर तू पपई वाढली असतीस." ईशा हसली. मग तोही हसला, पण डोळे पुसून. अजून राग आहे. चार वाक्यं बोलला, पाचवं बोलेल. माझ्यावर गेलाय, तीन दिवस धरून चालते. दूध आणून ठेवलंय.

संध्याकाळी त्याने स्वतःच विचारलं, "ते... मधुकरराव... चहाला काय घेतात?" घेतात! बघ, तोही आदरार्थी बहुवचनात लपायला लागला. मी लगेच मधूला ये म्हणून फोन केला.

आत्ता हे लिहिताना बाहेर फाटक वाजलं. पावलं बुटांची आहेत. बूट चावतात म्हणून त्याची तक्रार असते, तरी आज घालून आलाय. मोरेश्वर उठला, मी उठायच्या आत. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग त्याने आत वळून हाक मारली,

"आई, मधू आला."

प्रयोग ओळख.

तुझी
शकुमावशी